जवळची लेन्स की लांबची

कापूस आणि कॅमेरा यांचं जन्माचं वैर आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी काय करणार होते? आम्ही पिंजारी, आमचं घरच कापसाचं. धरणगावात आमच्या पुढच्या पडवीत कापूस पिंजायचं मशीन होतं आणि सकाळी ते सुरू झालं की घरातलं सगळं बोलणं ओरडून करावं लागे. पुढे पुढे मशीन बंद असलं तरी आम्ही ओरडूनच बोलू लागलो. लग्नानंतर सासरी पहिले सहा महिने सगळ्यांना वाटायचं की मी भांडते आहे. बरेचदा मी भांडतही असायचे, पण तो भाग वेगळा. मशीनमधून उडालेला कापूस घरभर फिरायचा. भिंतीवर, केसांत, आबांच्या भुवयांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सगळीकडे. माय ताटावर ताट झाकून जेवण आणायची, तरी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेतला की त्यात एक तरी पांढरा तंतू निघायचाच. मी तो काढायला लागले की माय म्हणायची, "जाऊ दे पोटमा, हिवायामा ऊब राही." वडलांना आम्ही आबा म्हणायचो, कारण सगळा मोहल्लाच त्यांना आबा म्हणायचा. गाद्या भरण्यात त्यांचा हात धरणारं आसपासच्या गावांत कोणी नव्हतं, असं लोक म्हणायचे आणि आबाही कधी नाही म्हणायचे नाहीत.

या घरात मी कॅमेरा आणला. तो पापडाच्या डब्यात, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, फडताळात सगळ्यात वर राहायचा. मायचे पापड त्या वर्षी कुठे राहिले, ते मी विचारलं नाही. कॅमेरा आला तो जळगावच्या नानांकडून. नानांचा तिथे फोटो स्टुडिओ होता आणि मी रोज सकाळच्या गाडीने जाऊन त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर लग्नांचे अल्बम बनवायचे. नवरानवरीच्या मागे स्वित्झर्लंडचे डोंगर लावणं, काळ्याला गोरं करणं, जावयाच्या शेजारी उभ्या असलेल्या नको त्या माणसाला पुसून टाकणं, अशी कामं. दोन वर्षांनी नानांनी नवीन कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला आणि पगारातून थोडे थोडे कापून घेतले. त्यात त्यांचाही हिशोब होताच. मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. सगळ्या जिल्ह्यात त्या कामाला बाई मिळत नव्हती आणि नानांच्या दुकानात ती आयती बसलेली होती.

कॅमेऱ्याबरोबर एकच लेन्स होती, सगळ्यांना मिळते ती साधी. ती वाईट नव्हती, पण बंद खोलीत फोटो काळे यायचे आणि लांबचं माणूस मुंगीएवढं दिसायचं. नाना म्हणाले, "रेश्मा, एका लेन्सवर धंदा होत नाही. दुसरी घे." घे म्हणायला काय जातं! माझ्याजवळ जे पैसे साठले होते, त्यात एकच लेन्स येत होती आणि तीही साधारणच. त्या पैशांत दोनपैकी एक वस्तू मिळत होती. एक पन्नास मिलिमीटरची, तळहातात मावेल एवढी ठेंगणी. ती पुढेमागे होत नाही, पण अंधारातही उजेड शोधून काढते. दुसरी अडीचशेपर्यंत जाणारी, लांबलचक नळकांडं. अंधारात तिचं काही चालत नाही, पण गल्लीच्या टोकाच्या माणसाच्या नाकावरचा तीळ दाखवते. यातली कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न होता. आज कोणी मला हा प्रश्न विचारला तर चहा संपायच्या आत उत्तर देईन. तेव्हा मात्र महिना-दीड महिना माझ्या डोक्याचा भुगा झाला.

कारण मी विचारत सुटले. नाना म्हणाले, लांबची. वर म्हणाले, "खानदेशात लोक फोटो बघून ऑर्डर देत नाहीत, लेन्स बघून देतात. ती इवलीशी डबी लावून गेलीस तर म्हणतील, हिला कुणी पाठवलं." हे अगदी खरं होतं. मी स्वतः पाहिलं होतं, मोठं नळकांडं गळ्यात असलं की वाढपी दोन वाट्या जास्त वाढतात. इंटरनेट कॅफेत जाऊन मी तासभर वाचलं, तर तिथे सगळं जग पन्नासच्या बाजूने. दुसरी लेन्स घ्याल तर हीच, असं कोणी कोणी शपथेवर लिहिलेलं. त्यात मध्येच एक जण म्हणत होता की लेन्स घेऊच नका, फ्लॅश घ्या. आणखी एक म्हणत होता की लेन्स-फ्लॅश काही नको, आधी फोटो काढायला शिका. त्याचा मला फार राग आला, कारण त्याचं बरोबर असावं अशी शंका होती. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात, पण मनानेच हात वर केले तर माणसाने कुणाकडे जायचं?

घरी विचारलं तर आणखी घोळ. माय म्हणाली, "ज्यामा बठ्ठा दखातीन अशी ले." म्हणजे सगळे दिसतील अशी, आणि तशी तिसरीच लेन्स होती, जी माझ्या ऐपतीबाहेर. आबांना मी एका दुपारी मशीन बंद असताना सगळं नीट समजावून सांगायला बसले. लेन्समध्ये एक भोक असतं, ते मोठं झालं की उजेड जास्त येतो, आणि भोकाचा आकडा लेन्सवर लिहिलेला असतो. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. इथे आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"आकडा लहान तं भोक मोठं?"

"हो."

"हाऊ उलटा हिशोब काबरं? गादी मोठी तं माप मोठं. ह्या लोकेसले सरळ सांगता येत नही का?"

मला स्वतःलाच त्याचं कारण माहीत नव्हतं. मी म्हटलं, जपानमध्ये असंच असतं. आबांनी मान हलवली आणि परत कापूस सोडवायला बसले. पण जाता जाता म्हणाले, "तू घेवाले जाशी तवय माले संगे लई जा. वस्तू हातमा लेवाबिगर समजत नही."

म्हणून आम्ही दोघं एस.टी.ने धुळ्याला गेलो. तिथे एका गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं आणि नव्या एका लेन्सच्या पैशात तिथे जरा बरी वापरलेली मिळेल, असं नानांनीच सांगितलं होतं. मायने भाकऱ्या, तळलेल्या मिरच्या आणि कांदा बांधून दिला होता, तो आम्ही धुळ्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसून खाल्ला. कापूस नसलेली भाकरी खाताना आबा म्हणाले, चव लागत नाही. सगळ्या रस्त्याने मी मनाशी घोकत होते, पन्नास, पन्नास, पन्नास. पारोळ्याच्या पुढे गाडी गेली तेव्हा माझं जवळजवळ ठरलंच होतं. इंटरनेटवरचं एवढं मोठं जग चुकणार नाही. आणि बायकांच्या खोल्या तर अंधाऱ्याच असतात, पडदे लावलेल्या.

दुकानदाराने दोन्ही लेन्स काचेवर मांडल्या. मी पन्नासची उचलली, कॅमेऱ्याला लावली, आबांचा फोटो काढला. मागची फळ्यांची भिंत धुकं होऊन गेली होती आणि मधोमध आबा, भुवईवरच्या कापसासकट. मला रडूच यायचं बाकी होतं. मी म्हटलं, हीच द्या. आबांनी ती माझ्या हातातून घेतली. दारात गेले, लेन्स उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला आणि कापसातली डागाळलेली कवडी शोधतात तशी ती बोटांत हळूहळू फिरवत राहिले. मला शरम वाटायला लागली. गाद्या भरणारा माणूस लेन्समध्ये काय बघणार!

"रेश्मा, आठे दख. हाई कोळीना जाळागत काय शे?"

मी पाहिलं. आतल्या काचेच्या कडेला बारीक, पांढरट, फांद्या फुटल्यासारखं काहीतरी होतं. दुकानदार म्हणाला, धूळ आहे, फोटोत येत नाही. आबा म्हणाले, "धूळ नही दादा. बुरशी शे. वल लागेल गादीमा असीच ऱ्हास, मी जलमभर हाईच दखी राहिनू. आज बारीक शे, पुढला पावसायामा बठ्ठं खाई जाई." दुकानदाराने ती परत कपाटात ठेवली. त्याच्याकडे पन्नासची दुसरी नव्हती. लांबची मात्र आबांनी तशीच उन्हात धरून तपासली आणि ती कोरी, स्वच्छ निघाली. आता रिकाम्या हाताने परत जायचं, की जी आहे ती घ्यायची? पुढच्याच आठवड्यात मोहल्ल्यातल्या हळदीचं काम होतं, माझ्या एकटीच्या नावावरचं पहिलं. मी लांबची घेतली. माझ्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय शेवटी बुरशीने घेतला. घरी येताना मी आनंदात आहे की दुःखात, हेच मला कळत नव्हतं.

पुढचे चार दिवस मी गच्चीवरून उतरले नाही. निंबावरचे पोपट, स्टेशनकडच्या टाकीवर चढणारा माणूस, तीन घरं पलीकडे भांडी घासता घासता स्वतःशी बोलणारी बाई, सगळं डोळ्याला लागून. माय खालून ओरडायची, "लांबनं दखस, पण चुल्हावरनं दूध दखात नही तुले!" दूध दोनदा उतू गेलं. पण खरं सांगते, लांबच्या लेन्सची एक नशा असते. तुम्ही कुणालाच दिसत नाही आणि तुम्हाला सगळे दिसतात. मुलीच्या जातीला हे सुख कुठे मिळतं? लहानपणापासून आम्हाला सगळे बघतात. कोण कुठे गेली, कुणाशी बोलली, ओढणी कुठे होती. मी पहिल्यांदाच बघणारी झाले होते.

हळद होती हलिमा चाचींच्या मुलीची. त्यांचे मालक केळीच्या गाड्या भरायचे, घर मोठं, गच्ची त्याहून मोठी. काम मला मिळालं ते माझ्या हुन्नरामुळे नव्हे. चाचींच्या मालकांना काळजी होती की पोरगी स्टुडिओत काम करते, बायकांचे फोटो उद्या कुणाच्या हातात जातील? तेव्हा आबा त्यांच्याकडे जाऊन सांगून आले होते की अल्बम माझी पोरगी स्वतः बनवील, दुसरा कोणी पाहणार नाही, माझी जबान. आबांच्या जबानीला आमच्याकडे वजन होतं. त्यांनी ती कुणासाठी सहसा खर्च केली नव्हती, माझ्यासाठी केली. हे काम नीट झालं तर मोहल्ल्यातली सगळी लग्नं माझी, आणि नाही झालं तर पापडाचा डबा परत पापडाचा. मला एवढंच दिसत होतं. यात आबांचंही काही पणाला लागलेलं आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मी पोहोचले तशी हलिमा चाचींनी मला बाजूला घेऊन नियम सांगितला. "दख पोरी, जिले फोटो नको ती तोंडवर पदर लेई. मंग तुना कॅमेरा खाले. जी पदर लेवाव नही, तिना काढ." नियम सोपा होता, आणि जुना. आमच्याकडे बायका तोंडाने नाही म्हणत नाहीत, पदराने म्हणतात. मी खोलीतले फोटो जुन्या लेन्सने काढले, जवळ जाऊन. ज्यांनी पदर घेतला त्यांना सोडलं. मग सगळ्याजणी गच्चीवर गेल्या, ढोलकी निघाली, हळदीच्या वाट्या निघाल्या आणि एकच कल्ला सुरू झाला. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत, कोपऱ्यात जाऊन बसले आणि नवी लेन्स लावली. कोणाला वाटलं मी दमले, कोणाला वाटलं जेवते आहे. मी बसल्या जागेवरून एकामागून एक फोटो काढत होते. एकीनेही पदर घेतला नाही. मला वाटलं, किती खुशीत आहेत सगळ्या, कोणाची काही हरकतच नाही. आता लिहिताना माझंच मला हसू येतं आणि लाजही वाटते. ज्यांना माहीतच नाही की त्यांना कोणी बघतंय, त्या पदर कशाला घेतील? पण त्या दुपारी एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. नियम मी शब्दाला शब्द पाळत होते.

त्या गर्दीत मदिना आपा होत्या. मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवायच्या, मलाही त्यांनीच शिकवलं. पन्नाशीच्या, उंच, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्याकडे सहा वर्षं बसून मी त्यांना एकदाही हसताना पाहिलं नव्हतं. उच्चार चुकला की त्या नुसत्या थांबायच्या. ती शांतता छडीपेक्षा वाईट असायची. तर त्या आपांना नवरीच्या आत्याने मागून येऊन धरलं आणि चष्म्याच्या दोन्ही काचांवर हळद फासली. आपांना काही दिसेना. त्यांनी चष्मा काढला, डोक्यावरचा पदर कधी सरकला ते त्यांना कळलंही नाही, आणि त्या हसल्या. मान मागे टाकून, तोंड पूर्ण उघडून, मागचा एक पडलेला दात दिसेल असं. मी बटण दाबलं. तो फोटो मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये सगळ्यात चांगला होता. हे मी फुशारकीने सांगत नाही. त्यानंतर मी हजारो फोटो काढलेत, म्हणून सांगते.

घरी आले तेव्हा दिवस मावळायला होता. आबांनी मशीन बंद केलं होतं आणि पडवीत बसून ते अंगावरचा कापूस झटकत होते. माझ्या पोटात तो फोटो मावत नव्हता. कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. आणि घरात माझ्या कामाचं कौतुक असलेला माणूस एकच. मी कॅमेऱ्याचा मागचा छोटा पडदा त्यांच्यासमोर धरला. "आबा, बघा तरी. तुम्ही निवडलेली लेन्स!"

आबांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, कारण तो फोटो पाहून हसू न येणं शक्यच नव्हतं.

"कोन शे हाई बाई?"

"मदिना आपा."

आबांनी एकदम मान फिरवली. चटका बसल्यासारखी. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "तिनी काढू दिन्हा का हाऊ फोटो?"

"तिने पदर घेतला नाही, आबा. नियम होता की…"

"तिले माहित व्हतं?"

मी कॅमेऱ्याचा पडदा बंद केला. आबा म्हणाले, "तीस वरीस मी तिनी गादी भरी राहिनू. ती पडदाना आंगे ऱ्हास, मी वट्टावर. तिना आवाज वयखस मी. तोंड कधी दखं नही. आते मी तिना दारवर कसा जाऊ?"

तेव्हा मला कळलं. गादी भरणारा माणूस घराघराच्या ओट्यावर दिवसभर बसतो. आत बायका वावरत असतात, पुरुष कामावर गेलेले असतात. त्याला बोलावतात ते त्याच्या हाताच्या सफाईसाठी नव्हे. तो बघत नाही, म्हणून बोलावतात. आबांची सगळी कमाई ती होती, आणि मी ती त्यांना न विचारता, कौतुकाच्या हौसेने, एका क्षणात खर्चून टाकली होती. त्यांनी दुसऱ्या कोणाला बघू देणार नाही अशी जबान दिली होती, आणि पहिला बघणारा मी त्यांनाच केलं. मला फार वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मी गोंधळले होते. कारण फोटो वाईट नव्हता. त्यात आपा सुंदर दिसत होत्या, खऱ्या दिसत होत्या. मग चूक नेमकी कुठे होती? माझ्यात, लेन्समध्ये, की नियमात? आबा रागावले असते तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं. ते जेवले आणि झोपले. मायने विचारलं काय झालं, तर दोघांनीही काही नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन आपांकडे गेले. गुपचूप पुसून टाकता आला असता, मोहही झाला. पण मग आबांचं काय? त्यांनी पाहिलं होतं ते पुसायचं बटण कॅमेऱ्यावर नव्हतं. आपा चटईवर बसल्या होत्या. त्या उर्दूच बोलायच्या, मी इथे मराठीत लिहिते आहे. मी सगळं सांगितलं. टाकीमागे बसले होते, लांबची लेन्स होती, तुम्हाला विचारलं नाही, आणि घरी जाऊन आबांना दाखवला.

त्यांनी हात पुढे केला. मी फोटो लावून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, पडदा डोळ्यांजवळ नेला. सहा वर्षांच्या सवयीने मी त्यांच्या थांबण्याला घाबरत बसले. त्या खूप वेळ थांबल्या.

"मी अशी हसते?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"दात केव्हाचा पडलाय. मला वाटायचं दिसत नसेल." मग कॅमेरा न देताच विचारलं, "आणखी कोणी?"

"आबा आणि मी. तिसरं कोणी नाही."

"ते काय म्हणाले?"

आता तुमच्या दारावर कसा जाऊ, असं म्हणाले, हे मी सांगितलं. आपांनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कुठलं बटण?" मी दाखवलं. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की पुसायचा का? मी ते वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या बोटाने हो केलं. त्या कोपऱ्यातून काढलेले बाकीचे फोटो मी हलिमा चाचींच्या घरी नेऊन एकेकीला दाखवले आणि जिने जिने मान हलवली तिचा तिचा पुसला. अल्बम बराच बारीक झाला. तरी कामं मिळाली, पण सगळा मोहल्ला काही माझा झाला नाही. लांबची लेन्स मी पुढे पुरुषांच्या बाजूला, वरातीत, घोड्यावरच्या नवरदेवासाठी खूप वापरली. बायकांच्या खोलीत मात्र नाही. तिथे मी आजही जुन्या साध्या लेन्सने, दोन हातांवर जाऊन फोटो काढते, आणि फोटो तितके चांगले येत नाहीत. हल्लीच्या मुली मला हसतात. हळदीत आता प्रत्येकीच्या हातात मोबाईल असतो, आणि पदर कोण कोणासाठी घेणार? तो फोटो पुसला हे बरोबर झालं, असं मी सकाळी म्हणते आणि संध्याकाळपर्यंत माझं मत बदललेलं असतं.

त्या दिवशी कॅमेरा परत देऊन उठताना आपा म्हणाल्या, "आबांना सांग, यंदाची गादी राहिली आहे."

आबा जायला तयार नव्हते. दोन दिवस काही ना काही कारण निघालं. तिसऱ्या दिवशी मायने पिंजलेल्या कापसाचं गाठोडं त्यांच्या डोक्यावर ठेवून मला सोबत पाठवलं. आपांच्या ओट्यावर आम्ही खोळ पसरली, जुना कापूस सोडवला, नवा भरला. आबा एरवी काम करताना पडद्याकडे तोंड करून गप्पा मारायचे, कापसाच्या भावावर, पावसावर, आपांच्या भाच्यांवर. त्या दिवशी ते खाली मान घालून टाके घालत होते. पडद्याआडून आपांनी नेहमीसारखी कुरकुर केली, मागच्या वेळी डोक्याकडच्या बाजूला गाठी राहिल्या होत्या. आबा म्हणाले, "हा आपा." आपांनी चहा सरकवला. आबा म्हणाले, "हा आपा."

"आबा," पडदा म्हणाला, "पोरगी फोटो चांगले काढते म्हणतात. तुम्ही बघितलेत का?"

माझ्या हातातला दोरा तसाच राहिला. आबांनी टाका पूर्ण केला, दोरा ओढला, दाताने तोडला.

"नही आपा," ते म्हणाले, "मनी नजर आते कमी व्हई जायेल शे. त्या बारक्या काचमा माले काय बी दखायनं नही."

पडद्यामागे आपा हसल्या. मोठ्याने, थांबता न येणारं हसू. मी पडद्याकडे पाहत होते आणि आबा गादीकडे. त्या हसण्यात चेहरा कसा होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आबांनी मान वर केली नाही. त्यांनी सुईत नवा दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात, आणि पुढचा टाका घातला.